शेवटचे घावन

भाऊबीजेच्या सकाळी मराठी घरात एक दृश्य हमखास पाहायला मिळते. फराळाचे डबे ओळीने उघडे पडलेले असतात, आणि त्यांच्याकडे पाठ करून घरातली झाडून सारी माणसे विचारीत असतात, “आज खायला काय आहे?” ज्या चकलीसाठी वसुबारसेला पोरांनी चोरून डब्यात हात घातलेला असतो, ती चकली समोर आली की तीच पोरे आता तोंड फिरवतात. करंजी नको होते, शेव टाळूला टोचते, चिवड्यातले खोबऱ्याचे काप तेवढे वेचले जातात. जिभेचा हा कृतघ्नपणा मी पुष्कळ वर्षे पाहत आलो आहे. आणि खरे सांगायचे तर त्यात माझाही वाटा बराच मोठा आहे.

अशा सकाळी मनुष्याला हवे असते ते काहीतरी साधे, खारे, मऊ आणि तव्यावरून थेट पानात पडणारे. देशावर ही गरज थालीपीठ किंवा धिरडे भागवते, मालवणाकडे आंबोळी, गोव्यात पोळे आणि आमच्या राजापूरकडे घावन. मंगळूरकडे गेलात तर आमचे घावनच ‘नीर दोसा’ हे नाव घेऊन भेटते. ‘नीर’ म्हणजे पाणी. घावनाचे खरे भांडवल पाणीच आहे, हे त्या लोकांनी नावातच कबूल करून टाकले आहे. आम्ही कोकणातली माणसे आपले भांडवल असे चारचौघांत सांगत नाही!

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे की, मी मराठीचा मास्तर आहे आणि शब्द चघळल्याखेरीज मला घास गिळवत नाही. तेव्हा आधी थोडे व्याकरण. पोळी आपण लाटतो, भाकरी थापतो, थालीपीठ लावतो, वडे तळतो, पापड भाजतो. धिरडे, आंबोळी आणि घावन मात्र ‘घालतो’. हे ‘घालणे’ मोठे गमतीचे क्रियापद आहे. शपथ घालतात, साद घालतात, गळ घालतात, वाद घालतात, गोंधळ घालतात. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे: एकदा घातले की ते मागे घेता येत नाही. लाटलेली पोळी बिघडली तर तिचा पुन्हा गोळा करता येतो, थापलेली भाकरी मोडून पुन्हा मळता येते. तव्यावर पडलेले घावन मात्र पडले ते पडलेच. वर्गात हा सिद्धान्त मी पुष्कळदा मांडला आहे, आणि विद्यार्थ्यांनी तो निमूटपणे वहीत उतरवून घेतला आहे. त्याचा प्रत्यक्ष पडताळा मात्र मला गेल्या वर्षीच्या भाऊबीजेला आला.

आम्ही सारे गावी जमलो होतो. आई, दादा, वहिनी आणि त्यांची दोन मुले घरचीच. पुण्याहून आम्ही चौघे. आदल्या संध्याकाळी ताई, मेहुणे आणि त्यांची दोन मुले येऊन पोचली. शिवाय आमचे काका. म्हणजे खाणारी तोंडे एकूण चौदा. रात्रीच दीड किलो तांदूळ भिजत पडले होते. सकाळी वहिनींनी ते मिक्सरवर गंधासारखे वाटले, मीठ घातले, पाणी घालून सरसरीत केले. आणि पहिला चहा होतो न होतो तोच गॅसची शेगडी फुस्स करून विझली. लाडू-चकल्यांच्या घाण्यांत दोन्ही सिलिंडर आटोपले होते, आणि सणाच्या दिवशी तिसरा येण्याची आशा नव्हती. दादाने दोन वर्षांपूर्वी स्वयंपाकघरात ओटा बांधून फरशी घातली, तेव्हा जुनी मातीची चूल काढून टाकली होती. आता दीड किलो तांदळाचे पीठ पातेल्यात, चौदा माणसे ओटीवर, आणि विस्तव कुठेच नाही!

“त्यात काय एवढं?” आई म्हणाली. “मागल्या अंगणात तीन चिरे मांडा आणि माझा तवा काढा.”

‘माझा तवा’ म्हणजे बिडाचा तवा. त्याची थोडी ओळख करून दिली पाहिजे. बीड म्हणजे ओतीव लोखंड. आमचा हा तवा आजीच्या वेळचा, मधोमध किंचित खोलगट आणि वजनाला असा की, तो उचलताना मनुष्याला आपले वय कळावे. तो लवकर तापत नाही आणि तापला की लवकर निवत नाही. पातळ पीठ पडल्याबरोबर पत्र्याच्या तव्याचा धीर सुटतो. बिडाचा तवा मात्र आपली ऊब सोडीत नाही, आणि घावनाला हवी असते ती हीच ऊब. नवा बिडाचा तवा मात्र कोणाच्याही कामाचा नसतो. तो मुरवावा लागतो. त्याला तेल पुसायचे, तापवायचे, पुन्हा पुसायचे, पुन्हा तापवायचे, असे कित्येक दिवस करावे लागते. तापलेल्या लोखंडावर त्या तेलाचा एक पातळ, कडक, काळाभोर थर धरतो आणि लोखंडाचा खडबडीतपणा भरून काढतो. त्या थरावरून घावन सुटते. आंबट पदार्थ आणि घासणी हे त्या थराचे दोन वैरी. आमची सौ. लग्नानंतर प्रथम गावी गेली, तेव्हा सासूवर छाप पाडावी म्हणून तिने हा तवा चिंच लावून लखलखीत घासून ठेवला. आई काही बोलली नाही. मात्र पुढचे आठ दिवस आमच्याकडे रोज त्याच तव्यावर परतलेल्या कांद्याची भाजी झाली. नवव्या दिवशी घावन सुटले आणि सासूसुनेचे कायमचे जमले.

तर हा तवा दादाने फडताळातून काढला. तो वर्तमानपत्रात गुंडाळलेला होता, आणि कागद काढला तर तवा तेलाने माखलेला. त्या वर्षीच्या श्रावणापासून तो वापरात नव्हता, कारण श्रावणात आई शेवाळावर घसरून पडली आणि तिचे उजवे मनगट मोडले. प्लास्टर निघाले, पण मनगटात पहिली ताकद आली नाही. “जड काही उचलायचं नाही,” असे डॉक्टरांनी बजावले होते. आमच्या घरात सर्वांत जड वस्तू कोणती, हे सांगायला नको. पावसाळी हवेत तव्याला गंज चढू नये म्हणून एका हाताने तेल लावून तिने तो बांधून ठेवला होता. हे तिने कोणाला सांगितले नव्हते.

“घावनं मी घालतो,” मी म्हणालो.

वहिनींनी पदर तोंडाला लावला. “भावोजी, व्याख्यान द्यायचं नाहीये. घावन घालायचंय.”

“वहिनी, तुम्ही चटणीचं बघा. हे माझ्याकडे लागलं.”

जांभ्याचे तीन चिरे मांडले. दादाच्या मुलाने नारळाची सोडणे आणि करवंट्या आणून विस्तव पेटवला. वाऱ्याच्या बाजूला एक पत्रा उभा केला. आईला खुर्ची दिली. ती तव्यापासून चार हातांवर, धुराची दिशा चुकवून बसली. काका पायरीवर, मेहुणे झोपाळ्यावर, पोरे सगळीकडे.

उघड्यावर तवा चढवला की पहिली अडचण विस्तवाची. गॅसची ज्योत सांगितल्या जागी सांगितल्याइतकी जळते. सोडण मात्र एकदम भडकते आणि एकदम बसते. तव्याचा मध्य लाल होतो आणि कडा थंड राहते. त्यावर आईचा उपाय असा की, दर दोन घावनांमागे तवा पाव फेरा फिरवायचा आणि जाळ मधोमध न घालता कडेने सारायचा. तवा तापला की नाही हे पाण्याच्या थेंबाला विचारायचे. थेंब तव्यावर बसून नुसता उकळत राहिला तर तवा थंड. थेंब मण्यासारखा घरंगळत पळू लागला तर तवा फार तापला. चुर्र करून जागच्या जागी नाहीसा झाला की तवा तयार. नारळाच्या शेंडीने तेल पुसायचे, तेही नावापुरते. तेल जास्त झाले तर पीठ तव्याला धरण्याऐवजी नुसते सरकत राहते.

इतके सगळे ऐकून घेऊन मी पळी भरली आणि मुंबईच्या हॉटेलात डोसेवाला करतो तशी मधोमध ओतून गोल फिरवली. पीठ जिथे पडले तिथेच थिजले. पळीच्या बुडाने पसरू गेलो तर सगळे पळीबरोबर निघून आले. तव्यावर जे उरले, त्याला आकार नव्हता. व्याकरणात ज्याला अव्यय म्हणतात, तसे काहीतरी झाले होते.

“मधून नव्हे रे,” आई म्हणाली. “कडेनं ये. कडेनं मधे.”

त्याचे कारण मला पुढे कळले. गव्हाच्या पिठात चिकटपणा असतो, त्यामुळे ते ताणले तर ताणले जाते. तांदळाच्या अंगी तो गुण नाही. तापलेल्या तव्याला टेकले की ते तिथेच बसते, मग त्याला हलवायचे नाही. म्हणून पीठ ताकाइतके पातळ हवे. पिठी वापरायची तर वाटीभर पिठीला दोन वाट्यांना थोडे कमी पाणी. पळी जरा उंच धरायची आणि काठाने धार सोडीत मध्याकडे यायचे. धार पडताक्षणीच त्यातले पाणी उकळते आणि त्याची वाफ वर येताना पिठाला भोके पाडते. तीच घावनाची जाळी. ती आपण पाडायची नसते. तव्याची आच आणि पाणी बरोबर असले की ती आपोआप पडते. मग वर झाकण. वरचा भाग वाफेवर शिजतो, आणि झाकण काढले की कडा आपणहून तवा सोडते. उलटायचे की नाही यावर कोकणात घराघरांत मतभेद आहेत. आमच्याकडे उलटीत नाहीत.

दुसरे घावन चिकटले. तवा इतके महिने बसून होता, त्याचा रुसवा जायला वेळ लागणारच. तिसरे काढताना फाटले.

“पहिलं तव्याचं, दुसरं कावळ्याचं, तिसरं भावोजींचं,” वहिनी म्हणाल्या. माडावरच्या कावळ्याने दुसऱ्याचा निकाल लावलाही होता.

चौथे मात्र जमले. झाकण काढले तो कडा किंचित उचललेली, सबंध अंगावर बारीक जाळी, आणि रंग असा पांढराशुभ्र की, त्यावर चटणी घालावीशी वाटेना. पोरांनी टाळ्या वाजवल्या. वीस वर्षे व्याख्याने देतो आहे, पण माझ्यासाठी टाळ्या पडण्याचे असे प्रसंग विरळाच!

मग चुलीभोवती गर्दी झाली. आणि तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. लहानपणी घावनांच्या दिवशी आमची पाने माजघरात मांडलेली असत. आई आत स्वयंपाकघरात, धुरात. आतून हात यायचा, पानात घावन पडायचे, हात परत जायचा. “आई, आणखी!” असे आम्ही ओरडायचो आणि पुन्हा हात यायचा. त्या सकाळच्या माझ्या आठवणीत आईचा हात आहे, बांगड्या आहेत, हातावरचे पिठाचे शिंतोडेही आहेत, चेहरा नाही. आता तवाच अंगणात आला होता. घालणारा आणि खाणारे एका जागी होते. घालणाऱ्याच्या डोळ्यांतले पाणी दिसत होते, आणि खाणाऱ्याने पहिला घास घेतला की, तो कसा लागला हे घालणाऱ्यालाही दिसत होते. गप्पा चालू होत्या आणि त्या गप्पांत चुलीपाशी बसलेला मनुष्यही होता.

आई खुर्चीवरून सूत्रे हलवीत होती. “हे दादाचं. कडा लाल होऊ दे, त्याशिवाय तो खाणार नाही. हे मेहुण्यांचं, झाकण लौकर काढ, त्यांना मऊ लागतं. काकांना दात नाहीत, त्यांचं दुमडून दे आणि वर तूप घाल. सूनबाईला तव्यावरचंच द्यायचं, गार झालं की ती खात नाही पण बोलतही नाही.” ताईच्या धाकट्याला मोठ्या भोकांचे हवे असते, कारण भोकातून चटणी खाली पडते आणि ती बोटाने चाटायची असते. माझ्या मुलीला लहान चार हवीत, एक मोठे नको. प्रत्येकाचे वेगळे! मी तिच्याकडे पाहतच राहिलो. चौदा माणसांच्या चौदा तऱ्हा या बाईच्या डोक्यात नोंदलेल्या होत्या. 1970 साली कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ आले आणि वाटी-चमच्याच्या मापाने स्वयंपाक करायला त्याने घरोघरच्या मुलींना शिकवले, त्याचे उपकार मोठे आहेत. आईचे हे माप मात्र वाटीत मावणारे नव्हते.

आणि दर घावनाला ती एक वाक्य न चुकता म्हणत होती, “ढवळ. तळापासून ढवळ.”

तांदूळ पाण्यात विरघळत नाही, नुसता तरंगतो आणि क्षणभर स्वस्थ सोडला की तळाला बसतो. वरवरचे पाणी पळीत येते आणि दाट पीठ खाली राहते. म्हणून दर वेळी ढवळायचे. आरंभी मी ढवळीत होतो. पण मागणी वाढली, दोन्ही हात अपुरे पडू लागले, तसे ढवळणे मागे पडत गेले.

तीस-पस्तीस घावने झाली असतील. सगळ्यांची दोन-दोन, तीन-तीन होऊन गेली होती. मी सहज विचारले, “आई, आता तुझं. तुझं कसं घालू?”

“माझं काय? माझं शेवटचं.”

“शेवटचं ठीक आहे, पण कसं?”

ती काही बोलेना. ताईच म्हणाली, “आईला जाड आवडतं.” दादानेही मान डोलावली. आमच्या घरात हे वाक्य जुने आहे. बाबा होते तेव्हा तेच म्हणायचे, “तुमच्या आईला काय, जाड आवडतं,” आणि आम्ही ते भूगोलातल्या राजधान्यांसारखे पाठ केले होते. पानात कधी जाड घावन आले तर आम्ही भावंडे ते उचलून सांगायचो, “हे आईला ठेवा.” तिला आवडते ते तिला ठेवल्याचे पुण्यही आम्हांला वाटायचे.

मी पळी पातेल्यात घातली. ती तळाला लागली आणि वर आली ती दाट, जड, पिठुळ अशी. पळी तशीच धरून मी थांबलो. कारण त्या क्षणी मला ते शेवटचे घावन दिसले. घाईघाईत ढवळायचे राहून गेलेले, तळाचे, मिठाचा अंदाज चुकलेले, चूल विझत आली असताना घातलेले आणि ओट्यापाशी उभ्याने, गार झालेल्या चहाबरोबर खाल्लेले. आईला जाड आवडत नव्हते. तिच्या वाट्याला जाड उरत होते.

“आई,” मी विचारले, “तुला खरंच जाड आवडतं?”

ती हसली. “आवडायचं काय त्यात? पीठ का टाकायचं?”

अंगणात कोणी काही बोलले नाही. झोपाळ्याची कडी तेवढी कुरकुरत होती, तीही थांबली. मी पातेल्यात पाणी घातले, तळापासून ढवळले, तवा पाव फेरा फिरवला, थेंब टाकून पाहिला. मग कडेने मध्याकडे, जेवढी पातळ सोडता येईल तेवढी पातळ धार सोडली. झाकण घातले. आयुष्यात पुष्कळ परीक्षा दिल्या, पण झाकणाकडे असे डोळे लावून कधी बसलो नव्हतो.

घावन सुटले. दादाने ते ताटलीत घेतले, चटणी वाढली आणि आईच्या मांडीवर ठेवले.

“अरे, आधी पोरांना—”

तेव्हा इतका वेळ गप्प बसलेले काका पायरीवरून म्हणाले, “वहिनी, घ्या तुम्ही. आम्ही थांबतो.”

आईने कडेचा तुकडा मोडला, चटणीला लावला, तोंडात घातला. चौदातली तेरा माणसे तिच्याकडे पाहत होती. तिला ते अवघड वाटले असावे. तिने मान खाली घातली आणि सावकाश चावत राहिली.

“मीठ जरा कमी आहे,” ती म्हणाली.

सगळे हसले. मी पातेल्यात चिमूटभर मीठ घातले. तेवढ्यात तिची ताटली रिकामी झाली होती. ती माझ्यापुढे करून, डोळे भलतीकडेच वळवून, ती म्हणाली, “आणि एक घाल.”

आईने स्वतःसाठी काही पुन्हा मागितलेले मी त्या दिवशी प्रथम ऐकले. माझे वय सेहेचाळीस.

गोष्ट इथेच संपली असती तर मला स्वतःची पाठ थोपटून घेता आली असती. पण ती संपली नाही. दुसरे घावन आईला देऊन मी वर पाहिले तो वहिनी चटणीचे भांडे घेऊन उभ्याच होत्या. सकाळपासून तांदूळ त्यांनी वाटले, खोबरे त्यांनी खवले, ताटल्या त्यांनी विसळल्या.

“वहिनी, तुमचं कसं घालू?”

“माझं?” त्या म्हणाल्या, “माझं शेवटचं.”

तेच शब्द, तोच सूर. शिकवले कोणी नाही, सांगितले कोणी नाही. पण भाषा जशी ऐकून ऐकून येते, तसे हेही सासूकडून सुनेकडे आले होते. मी दादाकडे पाहिले. वहिनींना घावन कसे आवडते हे त्याला सांगता येईना. लग्नाला तेवीस वर्षे झाली आहेत.

आई मात्र एकदम कडक झाली. “ते काही नाही. माझं चालून गेलं, तुझं कशाला? बस इथं. मोठ्या, तू घे ती पळी.”

दादाने मुकाट्याने माझ्या हातून पळी घेतली. त्याचे पहिले घावन तव्याला बसले, दुसरे कावळ्याकडे गेले आणि तिसरे वहिनींच्या ताटलीत पडले. ते जरा फाटलेलेच होते. वहिनींनी ते खाली बसून, गरम गरम खाल्ले. धुराने की कशाने, त्यांचे डोळे ओले होते. मी चौकशी केली नाही.

पुण्याला परत येताना घाटात सौ.ने मला विचारले, “अहो, एक सांगा. मला घावन कसं लागतं?”

“तव्यावरचंच. गार झालं की तू खात नाहीस,” मी ठसक्यात म्हणालो.

“ते सासूबाईंनी सांगितलं म्हणून. त्याआधी ठाऊक होतं?”

यावर मी खिडकीबाहेरच्या निसर्गसौंदर्याकडे लक्ष दिले.

त्यानंतर आमच्या घरी महिन्यातल्या पहिल्या रविवारी घावने होतात आणि ती मी घालतो. एकदा हौसेने इमारतीच्या गच्चीवर कोळशाची शेगडी नेली होती. धूर पाहून खालचे बिऱ्हाड धावत वर आले. रागावायला आलेल्या त्या गृहस्थांनी चार घावने खाल्ली, आणि जाताना, गच्चीवर शेगडी पेटवण्यास सोसायटीची मनाई आहे, याचीही आठवण करून दिली. तेव्हापासून तवा ओट्यावरच असतो. पण एक नियम केला आहे: जो घावन घालील त्याच्यासाठी तव्यापाशी दुसरे कोणीतरी उभे राहायचे आणि त्याचे पहिले घावन तिसऱ्या-चौथ्या नंबरातच काढून द्यायचे. तळाचे पीठ उरले की त्यात पाणी घालायचे. शेवटचे घावन ज्याच्या वाट्याला जाईल त्याला ते पहिल्याइतकेच पातळ मिळाले पाहिजे. नियम साधा आहे, पण तो करायला आम्हांला तीन पिढ्या लागल्या.

आईचा हात पूर्वीसारखा होणार नाही, हे आता सगळ्यांनी मान्य केले आहे, तिने सोडून. यंदाच्या भाऊबीजेला अंगणातल्या तव्यावर कोणी बसायचे यावर दादाचा आणि माझा वाद जुंपला आहे. त्याचे म्हणणे, त्याचा हात आता माझ्याहून बरा बसला आहे. निकाल आई देणार आहे.

घावनांच्या रविवारी दुपारी तिचा फोन येतो. जाळी पडली का, तवा चिकटला का, मीठ बेताचे होते का, सगळे विचारून होते. आणि फोन ठेवण्यापूर्वी ती विचारते, “शेवटचं कोणी खाल्लं?”